टॅमरॅक काउंटीत जागाच जागा आहे

नॉर्डल, टॅमरॅक काउंटी
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मार्लिसताई,

तुला आणि ड्वेनदाजींना माझा वाकून नमस्कार. (परवा दारातला बर्फ उपसताना पाठ धरली, त्यामुळे सध्या मी पोस्टमनलाही वाकूनच नमस्कार करतो, पण तुमचा मनापासूनचा आहे.) तुम्हा दोघांच्या तब्येती कशा आहेत? ॲरिझोनाच्या उन्हानं दाजींचा गुडघा सुधारला आणि ते गोल्फ खेळायला लागले, असं तू फोनवर म्हणालीस. ऐकून आनंद झाला आणि थोडं नवलही वाटलं, कारण इथे असताना त्यांच्याच्यानं बर्फाचं फावडं उचललं जात नसे. आमचं विचारशील तर आम्ही सगळे मजेत आहोत. थंडी विशेष नाही, बाहेर पडलं की नाकातले केस गोठतात एवढीच. लाव्होन बरी आहे, कुत्रा बरा आहे, आणि जुनिपर स्ट्रीटवरचं तुझं घरही खुशाल आहे. दर बुधवारी जाऊन मी नळ सोडून पाहतो, घर गरम ठेवणारी भट्टी पेटलेली आहे ना ते बघतो, आणि घटकाभर तुझ्या स्वयंपाकघरात बसून येतो, म्हणजे घराला अगदीच एकटं वाटायला नको. तीन झोपायच्या खोल्या, दोन बाथरूम, मागे सफरचंदाचं झाड, आणि तळघर कसं कोरडं ठणठणीत. अर्थात हे मी तुला कशाला सांगू, घर तुझंच आहे. सहज लिहिलं.

पत्राला तसं काही कारण नाही. फोनवर तू कॅक्टसबद्दल बोलायला लागलीस की मला मध्ये तोंड घालवत नाही, आणि इकडच्या बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहून जातात.

तू ऑक्टोबरात निघालीस तेव्हा पिझ्झाच्या कारखान्यात नुसती यंत्रं बसत होती. आता तो रात्रंदिवस चालतो, आणि वारा पश्चिमेचा असला की अख्ख्या गावाला ओरेगॅनोचा वास येतो. गायींनासुद्धा आता भूक लागते ती इटालियन, असं आमचा दुधाच्या टँकरवरचा जुना जोडीदार म्हणतो. (मी निवृत्त झाल्यापासून त्याच्या विनोदांना कोणी हसत नाही, म्हणून तुला कळवलं.) हॉस्पिटललाही नवी इमारत झाली. गेली तीस वर्षं शाळा संपली की आपली पोरं गाडीत कपडे कोंबून शहराकडे पळायची, आणि आपण फाटकात उभं राहून हात हलवायचो. आता उलट झालंय. नोकऱ्या दाराशी येऊन उभ्या आहेत, आणि त्या नोकऱ्यांमागून माणसं. फक्त ही माणसं दिवसभर काम केल्यावर कुठेतरी झोपणार, ही गोष्ट एवढ्या मोठ्या योजनेत कुणाच्याही लक्षात आली नाही. इंजिनिअर आले, बँकवाले आले, राज्यपालांच्या कचेरीतून कोणी फीत कापायला आलं, पण गाद्यांचा विषय कोणी काढला नाही.

यात थोडा दोष माझ्याकडेही येतो. तुला ठाऊक आहे की मी काउंटीच्या विकास समितीवर आहे. ज्या बैठकीत सभासदांची नावं काढली तिला मी गैरहजर होतो, आणि आपल्याकडे गैरहजर माणूस नेहमी एकमताने निवडून येतो. त्या समितीने हायवेवर मोठा फलक लावायचं ठरवलं. त्यावर गव्हाचं शेत, तळं, उगवता सूर्य, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘टॅमरॅक काउंटी! इथे जागाच जागा आहे!’ त्याच्या खाली चौकशीसाठी फोन नंबर हवा होता. त्या बैठकीलाही मी गैरहजर होतो.

तेव्हापासून आमच्या घरचा फोन थांबलेला नाही. ओहायोहून, टेक्सासहून, कुठून कुठून लोक विचारतात की जागा कुठे आहे. मी त्यांना सरळ सांगायला हवं की जागा आहे ती मक्याच्या शेतात, घरात नाही. पण एवढ्या लांबून बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हणून मी म्हणतो, इकडे आलात की कॉफीला या. आणि ते येतात, ताई. एकदा तर शनिवारी सकाळी आमच्या अंगणात चार मोटारी उभ्या होत्या आणि लाव्होन पॅनकेक करत होती. तिचं त्यात काही गेलं नाही, उलट तिला हुरूप आला. जाताना त्यातली एक बाई म्हणाली की तुमच्या गावात राहायला जागा नाही, पण तुमच्या गावातून हलावंसंही वाटत नाही. हे वाक्य समितीच्या अहवालात घालावं असं मी सुचवलं, पण अहवाल छापून झाला होता.

आता आमच्या घरचं. ब्रिटा परत आली हे तुला माहीत आहेच. नव्या इमारतीत तिला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली, आठ वर्षांनी माझी मुलगी गावात आली, आणि त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन उगाच हातोडी शोधत बसलो, कारण डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती. बरोबर जावई डॉमिनिक आणि आमची सिग्नी. जावयाला पिझ्झाच्या कारखान्यात चव तपासायचं काम मिळालं. न्यू जर्सीचा इटालियन मुलगा, आजीच्या हातचा पिझ्झा खाऊन वाढलेला, आणि आता दिवसभर गोठवलेले तुकडे चाखतो. प्रत्येक घासाआधी तो छातीवर क्रूस काढतो असं म्हणतात. पण पगार चांगला आहे, आणि त्याच्या सांगण्यावरून त्यांनी सॉसमध्ये लसूण वाढवला, तेव्हापासून खप वाढला. हे तिघं आमच्या तळघरात राहायला आले, पाणी उपसायचा पंप, मोठा फ्रीझर आणि दाजींनी मारलेल्या हरणाचं मुंडकं यांच्या मध्ये. सिग्नीनं हरणाचं नाव ठेवलं मिस्टर पीटरसन आणि रोज झोपताना त्याला टोपी घालायला लागली. मला तर वाटलं असंच कायम चालावं. पण तळघराला खिडकी एवढीशी, बाथरूम घरात एकच, आणि सकाळी हॉस्पिटल, कारखाना, बालवाडी आणि माझी प्रकृती, सगळ्यांची वेळ एकच.

जावई माणूस सोन्यासारखा आहे, फक्त सरळ आहे. पहिल्याच रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी काय झालं ऐक. चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे रिकामा होत आला होता आणि शेवटची वडी उरली होती. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. त्या वडीची कोणीतरी सुरीनं अर्धी घेतो, मग त्या अर्धीची कोणीतरी अर्धी, आणि दुपारपर्यंत ट्रेमध्ये नखाएवढा तुकडा उरतो, तो पाळकांची बायको गुपचूप कुत्र्याला घालते. डॉमिनिकनं ती वडी उचलली आणि खाल्ली. अख्खी. अर्धी करायला पुढे आलेल्या बाईची सुरी हवेतच राहिली. आणि वर तो म्हणतो कसा, फारच छान, अजून आहेत का? (ज्या बाईनं त्या केल्या होत्या ती आता दर रविवारी त्याच्यासाठी वेगळा डबा आणते. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

तर घर. संपूर्ण नॉर्डलमध्ये विकायला घर म्हणशील तर एकही नाही. धान्याच्या कोठाराजवळचं ते वाकडं पोर्च असलेलं घर आठवतं? ज्यात एके काळी कोंबड्या होत्या? ते विकलं गेलं, आणि ज्या किमतीला गेलं त्या किमतीत आपल्या बाबांनी शेत, गोठा आणि सगळ्या गायी घेतल्या असत्या. घेणाऱ्यांनी आधी दुरूनच फोनवर पाहिलं आणि म्हणे, कोंबड्यांचे पिंजरे तसेच राहू द्या, शोभा येते. अशा बाजारात परिचारिकेनं आणि पिझ्झा चाखणाऱ्यानं काय करावं? पण नोव्हेंबरात नशिबानं दार ठोठावलं. एल्डन क्विस्टाड, आपल्याबरोबर शाळेत होता तो, हसताना दात झाकणारा, त्याचं तळ्याजवळचं घर. बायको गेल्यावर तो वृद्धांच्या सदनिकेत चालला होता. चर्चमधून बाहेर पडताना तो म्हणाला की व्हर्लिन, तुझ्या ब्रिटाला हवं असलं तर माझं घर आहे, भाव आपला जुना, घरातल्या घरात. ताई, मला तर तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली. आणि मी अर्थातच म्हणालो, छे छे, कशाला, बाहेर तुला कितीतरी जास्त मिळतील.

बरोबर केलं की नाही? आईनं आपल्याला वळणच तसं लावलं. पहिल्यांदा कोणी देऊ केलं की छे छे, कशाला. दुसऱ्यांदा दिलं की उगाच तुम्हाला त्रास. आणि तिसऱ्यांदा दिलं की बरं, आता तुम्ही इतका आग्रहच करताय तर. आपल्या लहानपणी शेजारच्या काकूंनी कुकी पुढे केली तरी तू माझ्या पायावर पाय द्यायचीस, मी दोनदा नको म्हणेपर्यंत. दुसऱ्यांदा एल्डननं शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणात विचारलं, आणि मी म्हणालो उगाच तुला त्रास. तोही समजुतीनं हसला, दात झाकून. आता फक्त तिसरं राहिलं होतं. मी घरी येऊन लाव्होनला सांगितलंसुद्धा की पडदे मोजायला हरकत नाही.

तिसरं व्हायचं होतं डिसेंबरातल्या चर्चच्या सूपच्या जेवणात. एल्डन हातात वाडगा घेऊन माझ्याकडेच येत होता, मी चेहरा तयार ठेवला होता. मध्ये वाटेत उभे होते कारखान्याचे मॅनेजर ब्रॅडॉकसाहेब, टेक्सासचे, तीन महिने मोटेलमध्ये काढून कंटाळलेले. समोर आलेल्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं, म्हणून एल्डन त्यांना म्हणाला की मी घर काढतोय, तुम्हाला कुठे हवं असलं तर. पुढचं मी ऐकलं नाही, पण एल्डनचा चेहरा पाहिला. वाडग्यातलं सूप त्याच्या बुटांवर सांडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

“व्हर्लिन, मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो रे,” तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला. “तो हो म्हणाला.”

“पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच. वर विचारतो, किल्ली कुठे आहे.”

“मग?”

“मग काय. किल्ली माझ्या खिशात होती. खोटं कसं बोलणार?”

बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात एल्डनला पहिल्या खेपेला कोणी हो म्हटलं नव्हतं, पुढे काय करायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. (लग्नाला त्याच्या बायकोनंही दोनदा नको म्हटलं होतं.) ब्रॅडॉकसाहेबांना मी दोष देत नाही. भला माणूस आहे. गृहप्रवेशाला त्यांनी आम्हालाच बोलावलं, आणि घर फिरून दाखवताना जी खोली मी मनातल्या मनात सिग्नीला दिली होती, तिथे त्यांची व्यायामाची सायकल ठेवलेली होती. मी म्हटलं छान आहे.

घरी जावयानं माझी उलटतपासणी घेतली.

“बाबा, तुम्हाला ते घर हवं होतं?”

“हवं होतं.”

“एल्डनना ते आपल्याला द्यायचं होतं?”

“द्यायचं होतं.”

“मग तुम्ही नको का म्हणालात?”

“अरे, एकदम हो म्हटलं तर माणूस काय समजेल?”

“समजेल की आपल्याला घर हवंय.”

मी उठून भट्टी बघायला खाली गेलो. पण खाली ते तिघंच राहत असल्यामुळे तो माझ्या मागोमाग आला, आणि मला मिस्टर पीटरसनकडे बघत बसावं लागलं.

मग मी ठरवलं की आता समितीत बसून काहीतरी करून दाखवायचं. जानेवारीत घरबांधणीवर जाहीर सुनावणी ठेवली. कोर्टाच्या इमारतीत उभं राहायला जागा नव्हती. बांधकामाच्या बाजूनं सगळे होते, ताई, एकूण एक माणूस. प्रत्येकजण उठायचा आणि म्हणायचा, नवीन घरं व्हायलाच हवीत, माझा मुळीच विरोध नाही, पण. शाळेमागचं मैदान? विरोध नाही, पण तिथून सूर्यास्त दिसतो. जुन्या लोण्याच्या कारखान्याचं, क्रीमरीचं आवार? विरोध नाही, पण ट्रक वळवायला लागतं. चर्चच्या मागची जागा? विरोध नाही, पण तिथे गळाला लावायला सगळ्यात चांगली गांडुळं मिळतात. (हे बोलणारा मीच होतो. मला नंतर वाईट वाटलं.) अध्यक्षबाई बिचाऱ्या एकेक तुकडा नकाशावर खोडत गेल्या. शेवटी कोणाचाही ‘पण’ नसलेला एकच मोठा, सलग, सपाट भाग उरला. टाळ्या पडल्या, एकमतानं ठराव झाला, लोक कोट घालून दारात उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे निरोप घ्यायला लागले. त्या निरोपाच्या घोळक्यात कोणीतरी विचारलं की नकाशावर तो भाग निळा का आहे. काउंटीच्या विकास समितीनं दीडशे घरांसाठी बुलहेड तळं मंजूर केलं होतं. पुन्हा सगळ्यांना आत बोलवायचं म्हणजे कोट काढायला लावायचे, ते काही बरं दिसेना, त्यामुळे ठराव अजून तसाच आहे.

डॉमिनिक मागच्या रांगेत बसून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी कामावरच्या कोणाकडून तरी त्यानं मासेमारीचं चाकांचं खोपटं मागून आणलं आणि नेऊन गोठलेल्या तळ्याच्या मधोमध लावलं. तुला वाटेल ते लाकडाचं खोकं, बाबांचं होतं तसं. नाही ग. आत चार बर्थ, शेगडी, हीटर, आणि जमिनीला झाकण लावलेली भोकं, त्यातून गळ सोडायचा. जावई म्हणाला की पूर्ण टॅमरॅक काउंटीत घर बांधायला मंजुरी मिळालेली ही एकमेव जागा आहे, तळ्याचा देखावा चारी बाजूंनी, आणि कर नाही. आठवडाभरात त्याच्या शेजारी कारखान्यातली आणखी खोपटी आली. आता तिथे एक गल्लीच झालीय. गल्लीला त्यांनी पाटी लावली आहे: ‘इथे जागाच जागा आहे’. शनिवारी रात्रपाळीवाले करपलेले, काठ मोडलेले पिझ्झे आणतात, कोणी अकॉर्डियन आणतं, आणि तळलेल्या माशाचा वास पार किनाऱ्यापर्यंत येतो. मी जातो. लाव्होन तिचं बटाटे-खिम्याचं हॉटडिश घेऊन येते. खरं सांगू, गावात एवढी मजा मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. अग्निशमन दल दरवर्षी बर्फावर ती इंजिन काढलेली मोटार उभी करून ती कधी बुडेल यावर तिकिटं विकतं ना, यंदा लोक तिकीट घेताना विचारतात की आधी काय होईल, मोटार बुडेल की डॉमिनिकला घर मिळेल.

हसलो मीही. पण मग एका संध्याकाळी ब्रिटा माझ्याजवळ येऊन बसली. शहरातल्या हॉस्पिटलनं तिला परत बोलावलं आहे, वर घराचंही बघतो म्हणतात. ती म्हणाली, “बाबा, मला इथंच राहायचंय. पण तळघरात नाही आणि तळ्यावरही नाही. बर्फ सुटेपर्यंत बघते, मग त्यांना कळवते.” तेवढंच बोलली. माझ्यावरच गेलीय, आवाज चढवत नाही. ताई, मला मोटार बुडण्याची भीती कधी वाटली नव्हती, यंदा वाटते. सकाळी उठलो की आधी थर्मामीटर बघतो, आणि गोठणबिंदूच्या खाली पारा दिसला की देवाचे आभार मानतो. शेजारी वसंत ऋतूची वाट बघतात, मी एकटा हिवाळ्याला चिकटून बसलोय.

गेले दोन आठवडे तर तिघंही तळघर सोडून तळ्यावरच राहायला गेली आहेत. लाव्होन म्हणाली, जाऊ दे, मुलांना हौस आहे. मी रोज दुपारी जाऊन बघून येतो. खोपटं इतकं टापटीप ठेवलंय म्हणून सांगू, आत कोणी राहतं असं वाटतसुद्धा नाही. उशांवर सुरकुती नाही. ब्रिटाचा नीटनेटकेपणा लाव्होनकडून आला आहे. पण तळघर फार शांत झालं. मिस्टर पीटरसनच्या डोक्यावर टोपी नसते. मीच रोज झोपायच्या आधी घालतो.

काल बुधवार, तुझ्या घरी गेलो होतो. सगळं उत्तम आहे. कोणा भल्या शेजाऱ्यानं तुझ्या दारापुढचा बर्फ आपणहून काढून ठेवला आहे, पायऱ्यांवर मीठसुद्धा टाकलंय. असे लोक आहेत म्हणून गाव चाललंय. गरम पाण्याचा नळ सोडला तर पाणी लगेच गरम आलं, म्हणजे बॉयलर ठणठणीत आहे. पश्चिमेचा वारा असावा, कारण स्वयंपाकघरात लसणाचा वास भरला होता. जिन्यावर सिग्नीचा एक लाल हातमोजा सापडला, मागे कधीतरी माझ्याबरोबर आली होती तेव्हाचा असणार. मी तो खिशात घातला आणि तुझ्या टेबलापाशी बसलो. मोजपट्टी सहज जवळ होती म्हणून मागची छोटी खोली मोजली. लहान मुलीचा पलंग, एक कपाट, आणि भिंतीवर हरणाचं मुंडकं, सगळं आरामात मावतं. घराला सांगितलं की ताई उन्हाळ्यात येईल. पण तू मागच्या उन्हाळ्यातही दहाच दिवस आली होतीस, आणि घराला ते माहीत आहे.

असो. आम्हाला कशाची म्हणजे कशाचीही गरज नाही, तुम्ही आमची अजिबात काळजी करू नका. दाजींना सांग, गुडघ्याला जपा आणि उन्हात टोपी घाला. तुझ्या कॅक्टसला फूल आल्याचं कळव.

तुम्हा दोघांची आठवण रोज काढणारा,
तुझा धाकटा भाऊ
व्हर्लिन

ता. क. अग्निशमन दलाचं एक तिकीट तुझ्या नावानं घेतलं आहे. मोटार बुडायची तारीख मी शक्य तितकी लांबची लिहिली. जिंकायची शक्यता नाही.

ता. क. दुसरा. नाताळात तू फोनवर म्हणाली होतीस की आमचं घर रिकामंच आहे, मुलांना तिथे का नाही नेत. मी छे छे म्हणालो. एल्डनचं घर जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तरी म्हणालो. जीभ माझी आहे, पण वळण आईचं. मग जानेवारीत तू म्हणालीस की दाजी आता परत यायचं नाव काढत नाहीत, ब्रिटालाच रीतसर देऊन टाकू घर. मी म्हणालो, उगाच तुम्हाला त्रास. त्यानंतर तुझे फोन आले, गोल्फ झालं, कॅक्टस झाला, शेजारणीच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं. मी काही म्हणत नाही. फक्त मोजायला तूच मला शिकवलंस, म्हणून आठवण झाली. रविवारी चर्चनंतर मी घरीच असतो, फोनजवळ. फोन नीट चालतो, मी तपासून पाहिला.

ता. क. तिसरा, वेगळ्या हातचा. वन्सं, मी लाव्होन. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, आणि किटलीच्या वाफेवर धरल्यावर ते काही चिकटलेलं राहिलं नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं ते बरंच झालं, हे पत्र वाचून पटलं. जीभ जरा अडखळली, पण जावई शेजारी उभे राहून मान हलवत होते. मुलं तुमच्या घरात छान रमली आहेत. बुधवारी सकाळी सगळा पसारा गाडीत भरून बाहेर पडतात, हे येऊन घराला धीर देतात, आणि इकडे येऊन मला सांगतात की त्या घराला माणसं हवीत. खोपट्यातल्या उशा मीच झटकून ठेवते. यांना आता सांगावं असं रोज वाटतं, पण आग्रह पुरा व्हायच्या आत मुलं राहायला गेली असं कळलं तर शरमेनं त्यांना परत तळघरात घेऊन येतील. ब्रिटानं शहरातल्या हॉस्पिटलला ‘नाही’ असं कळवून टाकलं. एकदाच नाही म्हणाली, आणि त्यांना ते लगेच खरं वाटलं, शहरच ते. घराचे कागद तुम्ही पाठवलेत ते तिच्याकडे पोचले आहेत.

तेव्हा पत्र पोचलं की त्या रविवारी तेवढा फोन करा आणि यांना तिसऱ्यांदा विचारा. चार दिवस झाले, बाथरूमचं दार लावून आरशासमोर “बरं, आता तू इतका आग्रहच करतेस तर” म्हणायचा सराव चालू आहे, बाहेर सगळं ऐकू येतं. येता-जाता ऐकून सिग्नीलाही ते वाक्य पाठ झालंय. फक्त एक करा. इतक्या दिवसांच्या सवयीनं आधी नकोच निघेल तोंडातून. तेव्हा फोन ठेवू नका, वन्सं, गप्प राहून जरा वाट बघा. मिस्टर पीटरसनला मी वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलं आहे, यांनी हो म्हटलं की नातीकडे तेच घेऊन जातील.